कणा असलेले आणि नसलेले प्राणी : सहावीतल्या मुलीचे प्रश्न (बडोदेकरांनो, मदत हवी)

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी आम्ही मराठीतच बोलतो. शाळेतून प्राण्यांची एक यादी आली आहे. पाठीचा कणा असलेले एका रकान्यात आणि नसलेले दुसऱ्यात लिहायचे. रकाने भरून झाले, पण त्यातून तिला जे प्रश्न पडले त्यांची उत्तरं मला नीट देता येत नाहीत. वर्गात विचारलं तर "परीक्षेला येणार नाही" असं उत्तर मिळालं. म्हणून इथे विचारते आहे.

साप स्वतःभोवती वेटोळं घालतो, मग त्याला कणा कसा असेल? कासवाला कवच आणि गोगलगायीला शंख, दोघंही आत लपतात, तरी एक या रकान्यात आणि दुसरी त्या रकान्यात, असं का? शार्कच्या अंगात एकही हाड नसतं असं पुस्तकातच लिहिलंय, तरी तो कणावाल्यांत आहे.

शेवटचा प्रश्न आमच्या गच्चीवरचा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तुळशीची कुंडी सरकवली तर खाली काळपट, बारीक, वळवळणारं काहीतरी निघालं. शेजारच्या बेन "अळसियुं छे" म्हणाल्या, म्हणजे गांडूळ. मुलगी मात्र ठामपणे सांगते की त्याने जीभ बाहेर काढली. गांडुळाला जीभ असते का?

विश्वामित्रीकाठ

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण साप पकडून सोडण्याच्या कामात दर चोमासात हाच गोंधळ आमच्याकडे येतो. तुमच्या मुलीची नजर चांगली आहे. गांडुळाला जीभ नसते. जीभ दिसली असेल तर तो वाळा, भारतातल्या सगळ्यात छोट्या सापांपैकी एक. जेमतेम वीतभर लांब, बिनविषारी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाणारा. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पोचला आहे. या जातीत फक्त माद्याच सापडतात आणि नराशिवाय त्यांना पिल्लं होतात.

ओळखायचा कसा? गांडुळाचं अंग ओलसर असतं आणि त्यावर आडवी वलयं स्पष्ट दिसतात. चालताना ते आधी लांब होतं, मग आखडतं. वाळ्याचं अंग कोरडं, चकचकीत, बारीक खवल्यांचं. त्याला लांब-आखूड होता येत नाही, तो डावीउजवीकडे नागमोडी सरकतो. आता मुलीला विचारा, एकाला लांब-आखूड होता येतं आणि दुसऱ्याला का येत नाही? आत कणा आहे म्हणून. वाळ्याच्या मणक्यांची लांबी बदलत नाही. गांडुळाच्या आत द्रवाने भरलेले कप्पे आहेत आणि भोवती स्नायू. स्नायू आवळले की द्रव दाबला जातो आणि अंग लांबतं.

बागेत सोडला असेल तर उत्तम. त्याला मारायचं काही कारण नाही.

निवृत्त_मास्तर

वरचं उत्तर वाचून फार बरं वाटलं. शाळेत प्राणीशास्त्र शिकवत आयुष्य गेलं, त्यामुळे उरलेले तीन प्रश्न मी घेतो.

कणा म्हटलं की मुलांना एक सरळ, ताठ दांडा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते एकामागे एक लागलेले छोटे मणके असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा दोर, जातो. माणसाला जन्मतः 33 मणके असतात. मोठेपणी खालचे जुळून ते 26 होतात. सापाला जातीनुसार साधारण 200 ते 400. प्रत्येक सांधा थोडासाच वळतो, पण सांधे शेकडो असल्यामुळे सगळा साप वेटोळं घालू शकतो. म्हणजे साप वाकतो तो कण्यामुळेच.

कासव. त्याच्या कवचाची आतली बाजू पाहायला मिळाली तर मधोमध मणक्यांची ओळ दिसते आणि बरगड्या पसरून कवचातच मिसळलेल्या असतात. कवच हा कासवाच्या सांगाड्याचाच भाग आहे, त्यातून त्याला बाहेर काढता येत नाही. गोगलगायीचा शंख ही वेगळी गोष्ट. तिच्या अंगावरचा एक मांसल पडदा चुन्याचा थर पाझरवत जातो आणि तोच शंख होतो. त्यात मणके नाहीत, बरगड्या नाहीत, जिवंत पेशीसुद्धा नाहीत.

हा फरक घरी करून पाहता येतो. एखादा शिंपला किंवा शंखाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. लगेच बुडबुडे येतील, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. घरात चालत असेल तर कोंबडीचं स्वच्छ केलेलं बारीक हाड दुसऱ्या वाटीत व्हिनेगरमध्ये ठेवा. काही दिवसांनी ते रबरासारखं वाकेल. हाडातली खनिजं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, विरघळून जातात आणि लवचीक प्रथिनं मागे राहतात. शंखाच्या आत अशी प्रथिनांची चौकट नावापुरतीच असते. वाट्यांशेजारी मोठ्या माणसाने थांबावं.

शार्क. त्याचा सांगाडा कास्थीचा असतो. आपल्या कानाचा वरचा वाकणारा भाग आणि नाकाचा शेंडा ज्याने बनलाय तशीच कास्थी. पण मणके आहेत, कवटी आहे, आणि त्या कास्थीत कॅल्शियमही बसलेलं असतं. रकाना ठरतो तो मणक्यांवरून, त्यांत हाड आहे की कास्थी यावरून नाही.

माझा आग्रह एकच आहे. प्राणी दिसला की नाव शोधायच्या आधी मुलांनी विचारावं, याचं अंग कशाच्या आधाराने उभं आहे? आतल्या सांगाड्याच्या, बाहेरच्या कवचाच्या, की दाबलेल्या पाण्याच्या? या प्रश्नाने रकाना तर ठरतोच, शिवाय रकान्याच्या पुढचंही बरंच दिसायला लागतं.

रावपुरा_१९

सर, आदर राखून वेगळं मत मांडतो. सहावीच्या मुलांना आधी दोन रकाने पक्के हवेत. माझ्या मुलाला नववीत एकदम रंध्रीय, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी अशी नावं आली आणि तो गांगरला, कारण मुळातली विभागणीच कच्ची होती. अपवादांपासून सुरुवात केली तर मूल नियमच विसरतं.

फतेगंज

मी प्राणीशास्त्रात संशोधन करते. रावपुरा, तुमचा मुद्दा पटतो, पण त्या दोन रकान्यांबद्दल एक गोष्ट मुलांना लवकर सांगायला हवी. ते सारख्या प्रकारचे गट नाहीत. जगातल्या माणसांचे "बडोद्यात राहणारे" आणि "बडोद्यात न राहणारे" असे दोन भाग केले, तर पहिल्या गटाबद्दल काहीतरी सांगता येईल, दुसऱ्याबद्दल काहीच नाही. कणा नसलेल्यांचं तसंच आहे. त्यात स्पंज आहे, जेलीफिश आहे, झुरळ आहे, ऑक्टोपस आहे, तारामासा आहे. त्यांच्यात सामाईक काय, तर आपल्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही.

आणि हा "उरलेल्यांचा" रकाना केवढा मोठा आहे बघा. आजवर नोंदलेल्या प्राणिजातींपैकी 95 टक्क्यांहून जास्त जाती त्यात आहेत. कीटकच सुमारे 10 लाख. मासे, बेडूक, साप, पक्षी, वाघ, आपण, सगळे मिळून साधारण 70 हजार, आणि त्यांतलेही निम्मे मासेच.

ही विभागणी आली कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे गट केले होते. त्याला लाल रक्त अभिप्रेत होतं, त्यामुळे ते गट आजच्या दोन रकान्यांच्या बरेच जवळ येतात. लिनिअसने 1758 मध्ये प्राण्यांचे सहा वर्ग केले. सस्तन, पक्षी, उभयचर (यात सरपटणारेही होते), मासे, कीटक, आणि उरलेले सगळे "कृमी". त्या शेवटच्या वर्गात शिंपल्यापासून जेलीफिशपर्यंत काय वाटेल ते होतं. 1793 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात कीटक आणि कृमींचं प्राध्यापकपद लामार्ककडे आलं. तोवर तो वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जायचा आणि वय पन्नाशीला आलेलं. त्याने तो ढीग उपसायला घेतला, कोळी आणि खेकड्यासारखे कवचधारी प्राणी कीटकांतून वेगळे काढले, आणि 1801 मध्ये कणा नसलेल्या प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ काढला. "कणा नसलेले" हा गट आपल्यापर्यंत पोचला तो त्याच्याकडून. इतरांना नकोशा वाटणाऱ्या प्राण्यांना कुणीतरी आयुष्य दिलं, म्हणून आज ती सगळी नावं आपल्याला मिळाली.

मांडवीकर_ताई

फतेगंज, एक स्वयंपाकघरातला प्रश्न. कोळंबी साफ करताना पाठीला चीर देऊन काळा दोरा काढतो. मी मुलांना ती कोळंबीची नस म्हणून सांगत आले. म्हणजे आपल्या कण्यातून जातो तसा तिचा चेतारज्जू का?

आणि पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेन, तो तर माकुळासारख्याच एका प्राण्याच्या पोटातून निघतो म्हणतात. मग त्याला आत हाड आहे की!

फतेगंज

ताई, तो काळा दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. चेतारज्जू तिच्या पोटाच्या बाजूने जातो. गांडूळ, झुरळ, विंचू, खेकडा, सगळ्यांत चेतारज्जू पोटाकडे आणि मुख्य रक्तवाहिनी किंवा हृदय पाठीकडे. आपल्यात बरोबर उलटं. चेतारज्जू पाठीकडे, हृदय पुढे. शिवाय आपला चेतारज्जू आतून पोकळ असतो, त्यांचा भरीव.

या उलटेपणावरून एक मोठा वाद झाला होता. 1822 मध्ये जॉफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञाने मांडलं की झिंग्याच्या जातीचा प्राणी उताणा केला तर त्याच्या अवयवांची मांडणी कणावाल्या प्राण्यासारखी दिसते, म्हणजे दोघांचा आराखडा एकच. पॅरिसमधलाच दुसरा प्राणीशास्त्रज्ञ क्युव्हिए, त्याला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याने प्राण्यांचे चार पूर्णपणे वेगळे विभाग केले होते आणि त्यांच्यात पूल नाही असं त्याचं म्हणणं. 1830 मध्ये पॅरिसच्या अकादमीत दोघांची जाहीर खडाजंगी झाली आणि तेव्हा पारडं क्युव्हिएकडे झुकलं. मग 1990 च्या दशकात फळमाशी आणि बेडूक यांच्या गर्भातली जनुकं तपासली गेली. माशीच्या पोटाकडची बाजू ठरवणाऱ्या जनुकाचं भावंड बेडकात पाठीकडे काम करताना सापडलं. सेंट-हिलेरच्या सगळ्या कल्पना टिकल्या नाहीत, पण उताण्या झिंग्याची टिकली. कोळंबी साफ करताना हे मुलांना दाखवता येईल, प्रयोगशाळा लागत नाही.

समुद्रफेन हा तुमचा दुसरा प्रश्न तितकाच चांगला. तो कटलफिशच्या अंगातला भाग, माकुळाचा नातेवाईक. पण ते हाड नाही. तो आत गेलेला शंख आहे, चुन्याचाच, आणि त्यात बारीक कप्पे असतात. कप्प्यांत वायू-पाणी कमीजास्त करून हा प्राणी पाण्यात वर-खाली होतो. आत कठीण काही सापडलं म्हणून कणा होत नाही. व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे येतील.

कारेलीबाग_आजी

मी विज्ञान शिकलेली नाही, पण वाचते आहे. आमच्या सोसायटीत बहुतेक जैन कुटुंबं. त्यांची मुलं पाठशाळेत प्राण्यांची वेगळीच विभागणी शिकतात. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. शंख, जळू, कृमी दोन इंद्रियांचे. मुंगी तीन. भुंगा, माशी चार. मासा, पक्षी, गाय, माणूस पाच. माझ्या नातवाला शेजारच्या मुलाने हे सांगितलं आणि नातू म्हणाला, आमच्या पुस्तकात असं नाही. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. याला विज्ञानात काही जागा आहे का?

निवृत्त_मास्तर

आजी, तुम्ही हे इथे आणलंत त्याबद्दल आभार. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा, मनुष्य असा एकेक इंद्रिय वाढत जाणारा क्रम आहे, आणि तो ग्रंथ दीड हजार वर्षांहून जुना मानला जातो. त्या विभागणीमागचा हेतू अहिंसेचा, कोणत्या जिवाला किती संवेदना आहे हे जाणून वागण्याचा. आजच्या शास्त्राप्रमाणे मुंगीला डोळे असतात आणि इंद्रियांची संख्या अशी मोजत नाहीत. तरी एक गोष्ट दोन्ही मुलांना दाखवा. पंचेंद्रियांत जी तिर्यंच (म्हणजे पशु, पक्षी, मासे) आणि माणसं येतात, ती जवळजवळ सगळी कणा असलेली आहेत. प्राण्यांकडे बारकाईने पाहणाऱ्या माणसांना तो गट वेगळा जाणवला होता. मुलांना भांडू द्या, अशा भांडणात दोघंही प्राण्यांकडे नीट बघायला शिकतील.

रावपुरा_१९

मान्य. पण मग सांगा, रेघ नेमकी कुठे मारायची? मुलाच्या नववीच्या पुस्तकात "समपृष्ठरज्जू" आणि "असमपृष्ठरज्जू" अशी वेगळीच विभागणी आहे. म्हणजे सहावीतली रेघ नववीत सरकते का?

फतेगंज

सरकते, आणि त्याचं कारण सुंदर आहे.

गर्भ वाढत असताना कण्याच्या जागी आधी एक लवचीक दांडी तयार होते, पृष्ठरज्जू. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांत. पुढे तिच्याभोवती मणके येतात. पण समुद्रात काही प्राणी असे आहेत ज्यांच्यात पृष्ठरज्जू येतो आणि मणके कधीच येत नाहीत. अँफिऑक्सस हा वाळूत राहणारा, बोटभर लांबीचा प्राणी आयुष्यभर पृष्ठरज्जूवरच जगतो. आणि हर्डमानिया, जो इथे बी.एस्सी. केलेल्या अनेकांना आठवत असेल. मोठेपणी तो खडकाला चिकटलेला, पाणी आत घेऊन बाहेर टाकणारा एक मांसल गोळा. त्याच्या कुळातल्यांना आधी मृदुकायांत, म्हणजे गोगलगाय-शिंपल्यांच्या गटात, टाकलं जायचं. 1866 मध्ये कोवालेव्हस्की या रशियन प्राणीशास्त्रज्ञाने त्यांची पिल्लं पाहिली. पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं पोहतं आणि त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो! मोठं होताना तो शेपटीसकट जातो. एका पिल्लाकडे नीट पाहिल्यामुळे अख्खं कुळ उचलून आपल्या शेजारी आणावं लागलं. 2006 पासून जनुकांचा पुरावा तर असं सांगतो की अँफिऑक्ससपेक्षाही तेच आपल्याला जास्त जवळचे.

तेव्हा सहावीची रेघ मणक्यांवर आहे आणि नववीची पृष्ठरज्जूवर. हर्डमानिया सहावीत "कणा नसलेला" आणि नववीत "समपृष्ठरज्जू", दोन्ही बरोबर.

रेघेवरच बसलेला एक प्राणीही आहे, हॅगफिश. कवटी आहे, पण मणके दिसत नाहीत, म्हणून बरीच वर्षं त्याला कणावाल्यांच्या बाहेर ठेवत. 2011 मध्ये त्याच्या गर्भाच्या अभ्यासात मणक्यांचे बारीक अवशेष सापडले. आता तो आत आहे.

आणि रकान्याच्या पलीकडचे सगळे आपल्यापासून सारखेच दूर नाहीत. तारामासा झुरळापेक्षा आपल्याला जवळचा. गर्भात सगळ्यात आधी जे छिद्र होतं, त्याजागी तारामाशात आणि आपल्यात गुदद्वार येतं, तोंड नंतर दुसरीकडे होतं. ज्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी ओहोटीच्या वेळा पाहून जामनगरजवळच्या नरारा किनाऱ्यावर जावं. कच्छच्या आखातातलं ते सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 चं, देशातलं पहिलं. गुडघाभर पाण्यात प्रवाळ, समुद्रफूल, खेकडे, ऑक्टोपस, तारामाशाचे भाऊबंद दिसतात. हात लावू नका, फक्त बघा.

दगडधोंडे

भूशास्त्रवाला आहे, थोडक्यात भर घालतो. सापाच्या मणक्यांचा विषय निघालाय म्हणून. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत एका प्रचंड सापाचे 27 मणके मिळाले. 2024 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव वासुकी इंडिकस. सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा, लांबीचा अंदाज 11 ते 15 मीटर. कवटी नाही, दात नाहीत, फक्त मणके. तरी तो साप आहे, कोणत्या कुळातला आहे, किती जाड असेल, हे मणक्यांच्या आकारावरून सांगता आलं. मऊ अंगाचे प्राणी खडकात क्वचितच उरतात, म्हणून जुन्या जगाची आपली माहितीही हाडं आणि शिंपल्यांकडे झुकलेली असते.

विश्वामित्रीकाठ

लांब जायला नको असेल तर कमाटीबाग आहेच. संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलांना दाखवा. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे 22 मीटर. बहुतेक मुलं लांबी बघून पुढे पळतात. त्यांना मानेचे मणके मोजायला लावा. देवमाशाला सात, जिराफाला सात, आपल्यालाही सात. देवमाशाचे चपटे होऊन एकमेकांना खेटलेले असतात. मग पुढच्या परांकडे बघायला सांगा, आत मनगट आणि बोटांची हाडं आहेत. हा मासा नाही हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

आणि पुलावरून विश्वामित्रीतली मगर दिसली तर तिचं पोहणं बघा. मगरीची शेपटी डावीउजवीकडे हलते, माशासारखी. देवमाशाची आणि डॉल्फिनची वर-खाली, कारण धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा असाच वाकायचा. ते पाण्यात गेले तरी कण्याची सवय तीच राहिली.

सुरसागरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंपला आणि व्हिनेगर झालं, बुडबुडे पाहून ती नाचली. फतेगंजताईंचं हर्डमानियाचं उत्तर वाचून तिने लगेच पुढचा प्रश्न काढला आहे. पृष्ठरज्जू माणसाच्या गर्भातही असतो, तर मग मोठेपणी तो कुठे जातो? आणि आपल्यालाही तेव्हा शेपूट असते का?

निवृत्त_मास्तर

असते. गर्भ महिन्याभराचा असताना छोटी शेपटी स्पष्ट दिसते आणि दुसरा महिना संपेपर्यंत ती आत ओढली जाते. तिच्या जागी राहतं ते माकडहाड, कण्याच्या अगदी टोकाचे जुळलेले मणके.

पृष्ठरज्जूही पूर्ण नाहीसा होत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते, तिच्या मधला मऊ गाभा त्याच्यापासूनच बनतो. बसताना, उडी मारताना, ओझं उचलताना दाब झेलतो तो हा गाभा. घरात कुणाची चकती सरकली असेल आणि एमआरआयचा फोटो असेल तर तिला दाखवा. मणक्यांमध्ये ज्या पांढुरक्या गोल जागा दिसतात तो गाभा. जिथे तो बाहेर येऊन मज्जातंतूवर दाबतो, तिथून पायात कळ जाते.